विशाखापट्टणमची वर्गणी

प्रश्न : काका, मी नागभीड तालुक्यातल्या खेड्यातला, कृषी केंद्रात कामाला आहे. मागच्या महिन्यात पाठीवर बॅग टाकून एकटाच बस्तरला निघालो. गोंदियावरून रायपूर, तिथून बसनं जगदलपूर. चित्रकोटचा धबधबा पाहून परत यायचं, एवढंच ठरलं होतं. तिथं हैदराबादचे चौघं भेटले, दोन पोरं, दोन पोरी, सगळे कंपनीत नोकरीवाले. एका नावेत बसलो, संध्याकाळी सोबत जेवलो. दुसऱ्या दिवशी ते किरंदुल-विशाखापट्टणम गाडीनं निघाले, मला म्हणाले चल. गेलो. समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पण त्यांनी हॉटेल घेतलं ते समुद्रासमोरचं. माझा वाटा विचारला की ‘छोड ना यार’ म्हणून हसायचे. आता पुरीला बोलावतात. बाबा म्हणतात, ‘कोणाचे कोण लोक, फुकटचं खाऊन आला, अन् आता अजून जातो म्हणते!’ मलाही टोचतं. पैसे पाठवू का? त्यांना राग तर येणार नाही?

उत्तर : पाठव राजा. आजच पाठव.

मी एसटीत कंडक्टर होतो. तिकीट न काढता बसलेला माणूस खिडकीबाहेर बघत नाही, त्याचं सगळं ध्यान कंडक्टरकडे. तुझं तेच झालं. पत्रात हॉटेल आहे, वाटा आहे, अन् ज्या गाडीसाठी लोक कुठून कुठून येतात तिच्याबद्दल नावापलीकडे अवाक्षर नाही! बस्तरातल्या बैलाडिल्याचं लोहखनिज जपानला धाडायचं म्हणून १९६०च्या दशकात डोंगर फोडून टाकलेला तो मार्ग. 58 बोगदे. अराकूच्या कॉफीच्या डोंगरांतून गाडी खाली उतरते, वाटेत बोर्रा गुहांचं स्वतःचं स्टेशन आहे. तू तिथं बसून हिशेब करत होतास काय?

आता किती पाठवायचे ते. हॉटेल तू निवडलं नाहीस, म्हणून त्याचा पाचवा हिस्सा तुझ्या डोक्यावर नाही. एकटा असतास तर स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर पडला असतास, खोलीचे तेवढेच धर. जेवण, ऑटो, रेल्वेचं तिकीट यांत मात्र सरळ पाचवा हिस्सा. विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवरची ‘कुरसुरा’ पाणबुडी पाहिली असशील तर तिचं तिकीटही त्यात घाल. (१९६९ साली नौदलात आली, २००१ला निवृत्त झाली अन् पुढच्याच वर्षी वाळूवर संग्रहालय होऊन बसली. निवृत्तीनंतर आमच्यापेक्षा तिची सोय बरी लागली.) मेसेज एका ओळीचा लिही: ‘माझा वाटा एवढा होतो, पाठवला आहे.’ माफी नको, मोठमोठे आभार नकोत. राग येणार नाही. पगारदार पोरांच्या मनात काही नसतं, दुसऱ्याच्या खिशाचा अंदाज नसतो इतकंच. तो अंदाज तूच द्यायचा, अन् हॉटेल बुक व्हायच्या आधी द्यायचा. पुरीचं ठरत असेल तर फोनवरच आकडा सांगून टाक: ‘माझ्याकडे एवढे आहेत, त्यात बसेल तिथं मी झोपतो, समुद्रावर भेटू.’ ज्याला हे चालत नाही त्याच्यासोबत जाऊ नये.

परतीचं तिकीट स्वतःचं, वेगळं. विशाखापट्टणमहून समता एक्स्प्रेस रायपूरवरून थेट गोंदियाला आणते हे माहीत असलं, की कोणाच्या मर्जीवर थांबावं लागत नाही. आणखी एक, न विचारता सांगतो. आपण मामा तलावात (म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात) पोहायला शिकलेले लोक, पाणी दिसलं की अंगातला शर्ट काढतो. तलावाचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं परत फिरताना पायाखालची वाळूसुद्धा ओढून नेतं. आर. के. बीचवर बुडून माणसं गेली आहेत, त्यांतल्या कितीकांना चांगलं पोहता येत होतं. पुरीलाही लाटा तशाच. गुडघ्यापर्यंत, बस.

राहिले बाबा. त्यांचा राग पैशाचा वाटतो, पण त्यांचं पहिलं वाक्य पुन्हा वाच: कोणाचे कोण लोक. त्यांना ती पोरं दिसलेली नाहीत. मग दाखव की! धान कापून घरात येतंय, मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आहेत, घरोघरी पाहुणे असतातच, त्यात चार वाढले तर आईला नवल वाटणार नाही. पोरींची झोपायची सोय आईजवळ कर, म्हणजे गावाला बोलायला जागा राहत नाही. सिकंदराबादहून बल्लारशा अन् तिथून गोंदियाची गाडी धरली की नागभीड. ताडोबाही जवळ आहे, पण तिथली जिप्सी महाग पडते, पुन्हा वाट्याचा घोळ होईल. त्यापेक्षा झाडीपट्टीचं, आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक दाखव. वडशाच्या नाटक कंपन्या आता गावोगाव फिरतायत. रात्री पडदा वर जातो, पहाटेपर्यंत खाली येत नाही, मध्येच लावणी, मध्येच रडारड, अन् सगळं गाव जागं. हैदराबादेत कितीही पैसे मोजले तरी असं मिळायचं नाही. एवढ्यानं तुझी फेड झाली असं समज.

नाटकाची तिकिटं तू काढ. बाबांनाही सोबत ने, नाटक कोणतं चांगलं हे त्यांनाच विचार. अन् त्या चौघांना जाड चादरी आणायला सांग; मध्यरात्रीनंतर मंडपात थंडी अशी पडते की हैदराबादचं स्वेटर काही कामाचं नाही.