गाडीचं विचारा: जुन्या पिकअपचा कॉम्प्युटर बदलायचाय

प्रश्न: माझ्याकडे १९९० ची शेवरोले सी १५०० पिकअप आहे, ५.७ लिटर व्ही-८, थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (कार्ब्युरेटरच्या जागी बसून वरून पेट्रोल फवारणारं), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय आणि हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाईप) बसवलेत. आयडलला आरपीएम सारखा वरखाली होतो, प्लग काळे पडतात, मागे उभं राहिलं तर पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात. मित्र म्हणतो हा जुना डबा फेक, आठ इंजेक्टरचं पोर्ट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर) आणि नवा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टाक. टाकू का, आणि टाकायचं तर काय काय लागतं?

उत्तर: टाका, पण आत्ता नाही. आधी हे समजून घ्या की तुमचा जुना कॉम्प्युटर बिघडलेला नाहीये, त्याला चुकीची माहिती मिळतेय आणि तो त्या माहितीवर इमानदारीत काम करतोय.

या गाडीत हवा मोजणारा मीटरच नाही. मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सर सांगतो, आरपीएम डिस्ट्रिब्युटरकडून येतो, आणि या आरपीएमला या दाबाला इंजिन किती हवा ओढतं याचं एक टेबल कंपनीने चिपमध्ये भरून ठेवलंय. ते टेबल कंपनीच्या कॅमसाठी होतं. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे आयडलला व्हॅक्यूम पडतो, कॉम्प्युटरला वाटतं गाडीवर लोड आलाय, तो पेट्रोल वाढवतो. शिवाय न जळलेली थोडी हवा सरळ एक्झॉस्टमध्ये निसटते, ऑक्सिजन सेन्सरला तिथे ऑक्सिजन दिसतो, तो ओरडतो की मिक्श्चर लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि पेट्रोल अजून वाढतं! तुमचे प्लग काळे का होतायत ते यात आलं.

हेडरची भानगड वेगळी. एका वायरचा जुना ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो, हेडर लावताना तो बऱ्याचदा इंजिनपासून लांब सरकतो, मग आयडलला गार पडतो आणि सिग्नल द्यायचा थांबतो. कॉम्प्युटर कधी त्याचं ऐकतो कधी ऐकत नाही, आरपीएम डोलतो. यावर उपाय म्हणजे तीन वायरचा, हीटरवाला सेन्सर, काम एका दुपारचं आहे आणि नवा ईसीयू घ्यायच्या आधी हे करून बघाच.

त्याचबरोबर प्रेशर गेज लावून पेट्रोलचं प्रेशर बघा, या सिस्टिमला ९ ते १३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) लागतं. थ्रॉटल बॉडीखालचं गॅस्केट हवा खातंय का बघा. डॅशखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधले ए आणि बी टर्मिनल वायरने जोडून चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड १२ तीनदा दाखवेल आणि मग काही साठलेला कोड असेल तर तो. लॅपटॉप जोडता येतो, पण या कॉम्प्युटरचा डेटा १६० बॉडने (सेकंदाला १६० बिट) येतो म्हणजे इतका सावकाश की ॲक्सिलरेटर दाबल्यावर नेमकं काय झालं ते तुम्हाला झाल्यावर कळतं. आणि टायमिंग! काळ्या पट्टीची टॅन रंगाची वायर सुटी करून, म्हणजे कॉम्प्युटर टायमिंग हलवणार नाही, बेस टायमिंग (ठिणगी पडायची मूळ वेळ) शून्य डिग्रीला आहे का ते टायमिंग लाईट मारून बघा, कारण डिस्ट्रिब्युटर कुणी हलवलेला असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग वाया.

एवढं करूनही डोलत असेल तर चिपचं टेबल नवीन लिहून घेता येतं. सौम्य कॅम असेल तर बऱ्याच लोकांचं काम इथेच संपतं आणि मला विचाराल तर माल वाहायच्या गाडीला ते पुरतं.

आता पोर्ट इंजेक्शन. फायदा खरा आहे. थ्रॉटल बॉडीत दोन इंजेक्टर वरून फवारा मारतात, पेट्रोल अख्ख्या मॅनिफोल्डमधून प्रवास करतं, गार इंजिनात भिंतींना चिकटतं आणि कुठल्या सिलिंडरला जास्त कुठल्याला कमी जातं. पोर्टमध्ये प्रत्येक इंजेक्टर आपल्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी, म्हणून गार स्टार्ट सुधारतो आणि ॲक्सिलरेटरला उत्तर लगेच मिळतं. पण त्याला साधारण ४३ पीएसआय म्हणजे ३ बार लागतात, तुमचा टाकीतला पंप तेवढा देणारच नाही. म्हणजे टाकी उतरवा, पंप बदला, जुने रबरी होज काढा, रिटर्न लाईन ठेवा, रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जोडा म्हणजे इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला फरक कायम ३ बार राहतो. लोक खर्चाचा अंदाज ईसीयूच्या किमतीवर बांधतात आणि फसतात ते इथे, टाकीत आणि पाईपात.

इंजेक्टरचा साईझ हिशोबाने घ्या. समजा २५० हॉर्सपॉवर धरली, पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरला तासाला अंदाजे अर्धा पाउंड पेट्रोल, म्हणजे १२५ पाउंड, भागिले ८ म्हणजे १५.६, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही म्हणून १९.५. तर तासाला २४ पाउंड देणारे घेतले की भरपूर झालं. ४२ चे स्वस्तात मिळतायत म्हणून घेऊ नका, आयडलला ते इतके कमी वेळ उघडावे लागतात की थेंब नीट मोजताच येत नाही, आणि तुम्ही तर आयडलच सुधारायला निघालायत. अजून एक, थ्रॉटल बॉडीचे इंजेक्टर फार कमी ओहमचे असतात, दीडेक ओहम, त्यांना उघडायला जास्त करंट आणि मग धरून ठेवायला कमी असं वेगळं सर्किट लागतं. पोर्टचे साधे १२ ते १६ ओहमचे. ईसीयू कुठल्यासाठी आहे हे न बघता जुने इंजेक्टर नव्या ईसीयूला लावले तर ईसीयूमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळतं.

वायरिंगमध्ये कंजूषपणा नको. ईसीयूच्या अर्थिंगच्या वायरी थेट इंजिन ब्लॉकला, सेन्सरच्या अर्थिंगच्या वायरी ईसीयूवरच परत, इंजेक्टर आणि पंपाला रिलेमधून स्वतंत्र सप्लाय. पंप चावीवर डायरेक्ट जोडायचा मोह होतो, करू नका, इंजिन बंद पडलं की पंप बंद पडला पाहिजे नाहीतर अपघातात फाटलेल्या पाईपातून तो पेट्रोल ओततच राहील.

आणि हे कुणी सांगत नाही, तुमचा जुना कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअपही (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) चालवतो. तुमच्या १९९० च्या गाडीत तेवढंच आहे, नव्या ईसीयूच्या एका आउटपुटवर ते निघतं. पण हेच १९९३ चं किंवा त्यापुढचं मॉडेल असतं तर त्यात गिअर बदलणंसुद्धा कॉम्प्युटरकडे आहे, मग ईसीयू निवडताना आधी गिअरबॉक्स बघायचा.

सुरू झाल्यावर वाईडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा) लावूनच ट्यून करा. जुना ऑक्सिजन सेन्सर फक्त रिच (पेट्रोल जास्त) की लीन एवढंच सांगतो, किती ते नाही. आधी गरम इंजिनचा आयडल, मग सरळ रस्त्यावर एका वेगाने चालताना हवा-पेट्रोल प्रमाण १४.७ च्या आसपास, फुल थ्रॉटल शेवटी १२.५ ते १३. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर १४.७ चा आकडा १४.१ च्या जवळ येतो, म्हणून गेज लॅम्डावर ठेवा, लॅम्डा १ म्हणजे त्या पेट्रोलला नेमकी पुरेल एवढी हवा, पेट्रोल कुठलंही असो. गार स्टार्टचं टेबल मात्र रोज सकाळी एकदाच तपासता येतं, त्याला वेळ लागतो, तिथे चिडून काही होत नाही.

प्रश्न: माझी पिकअप कार्ब्युरेटरची आहे. कार्ब्युरेटरच्याच जागी बसणारं, स्वतः शिकणारं थ्रॉटल बॉडी किट घ्यायचा विचार आहे. इंजिनावरचा मेकॅनिकल पंप चालेल का?

उत्तर: नाही. तो पंप ५-७ पीएसआय देतो, यातल्या बऱ्याच किटना ५८ च्या आसपास लागतात. इलेक्ट्रिक पंप घ्यावा लागेल आणि तो टाकीतच बसवा, चेसिसवर लावलेला पंप पेट्रोल ओढताना गरम होतो, आवाज करतो आणि उन्हाळ्यात वेपर लॉक करतो, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. टाकीत पंपाभोवती पेट्रोल साठवणारी वाटी हवी, नाहीतर टाकी पाव भरलेली असताना वळणावर इंजिन अडखळेल. होज घेताना त्यावर छापलेलं वाचा, ३०आर७ कार्ब्युरेटरच्या प्रेशरचा, इंजेक्शनला ३०आर९. दिसायला दोन्ही सारखेच काळे. आणि "स्वतः शिकणारं" याच्यावर फार जाऊ नका, ते पेट्रोल शिकतं, टायमिंग शिकत नाही, एक्झॉस्ट गळत असेल तर ते चुकीचंच शिकतं.

प्रश्न: नवा ईसीयू टाकला की माझ्या १९९२ च्या गाडीला साधा ओबीडी-२ स्कॅनर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) जोडता येईल का? आणि एमिशन टेस्टचं काय?

उत्तर: बाजारातले बहुतेक ट्यूनिंगचे ईसीयू त्यांच्याच सॉफ्टवेअरशी बोलतात, स्कॅनरशी नाही. ओबीडी-२ हवंच असेल तर १९९६ च्या किंवा नंतरच्या गाडीचा पूर्ण कॉम्प्युटर, हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि सगळे सेन्सर उचलून बसवावे लागतात. टेस्टचा नियम तुमच्या भागात काय आहे ते जुनं सामान काढायच्या आधी विचारून घ्या, आणि काढलेला कॉम्प्युटर, चिप आणि थ्रॉटल बॉडी विकू नका.