पकडून ठेवलेली धामण उंदराला शिवत का नाही? प्राणीसंग्रहालयातले साप तर मेलेले उंदीरही खातात.

हुक्केरीकडच्या उसात सापडलेली धामण चार दिवस पेटीत ठेवलीय म्हणता. बहुतेक ती आजारी नाही, भ्यालेली आहे. लपायला जागा नाही, झाकण सारखं उघडतंय, अशा वेळी साप खात नाही. उलट पोटात असलेलंही ओकून टाकतो.

पेटीतला जिवंत उंदीर आधी बाहेर काढा. साप खात नसला की रात्रीत उंदीरच त्याला कुरतडतो. पाठीवर, शेपटीवर खोल जखमा होतात. दूधही नको. बळंच पाजलेलं दूध श्वासनलिकेत जाऊन साप मरतो. पसरट भांड्यात साधं पाणी ठेवा, बस्स.

शिवारात धामण दिवसा फिरून शिकार करते. फडातली उंदरांची बिळं धुंडाळते, भाताच्या खाचरात बेडूक धरते. अजगरासारखा विळखा न घालता भक्ष्य अंगाखाली दाबते आणि बरेचदा जिवंतच गिळते. घोणस मात्र पाचोळ्यात दबा धरून बसते, चावून उंदीर सोडते आणि मग वासावर माग काढते. मण्यार तर बहुतेक दुसरे सापच खाते. रानात मिळेल तेव्हा जेवण, त्यामुळे मोठा साप कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो.

बंदिवासातल्या सापाला मेलेल्या उंदराची सवय लावलेली असते. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळवतात, पिशवीत घालून गरम पाण्यात ३८-४० अंशांपर्यंत आणतात आणि लांब चिमट्यानं हलवत पुढे धरतात. गार उंदराकडे बरेच साप बघत नाहीत. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा, वजनानं साधारण दहावा हिस्सा. मोठ्या सापाला १०-१४ दिवसांनी, पिल्लाला ५-७ दिवसांनी. नंतर ४८ तास हात लावायचा नाही. पेटीची एक बाजू ३० अंशांच्या आसपास उबदार लागते. गारठ्यात भक्ष्य पोटातच कुजतं आणि साप ते ओकतो. कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की तो तसाही खात नाही.

हे सगळं घरी करून बघू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं धामण पाळणं गुन्हा आहे. आजच १९२६ वर फॉरेस्टवाल्यांना कळवा आणि ती नेमकी कुठल्या बांधावर सापडली ते सांगा. दूरच्या रानात सोडलेल्या सापाला ना बिळं ठाऊक असतात, ना पाणी.