‘आम्ही शिकलो लोकसभा-राज्यसभा, मुलीला अमेरिकन गव्हर्नमेंट कसं शिकवायचं?’

टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहणारं मराठी कुटुंब. मुलगी आठवीपासून होमस्कूलमध्ये, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकते, आता अकरावीत. गणित-सायन्सची काळजी नव्हती, आईबाबा दोघेही इंजिनिअर. गाडी अडली ती अमेरिकन गव्हर्नमेंट या विषयापाशी, म्हणजे तिकडच्या नागरिकशास्त्रापाशी. आईचं म्हणणं असं: “ताई, चार करिक्युलम कार्टमध्ये पडून आहेत. एक फारच धार्मिक वाटतंय, एक फुकट आहे म्हणून विश्वास बसत नाही. उद्या कॉलेजनं मानलंच नाही तर? आणि आम्हाला तरी या विषयातलं काय येतं?” (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

यातली मान्यतेची भीती लगेच मिटण्यासारखी होती. टेक्ससमध्ये होमस्कूल ही कायद्यानं खासगी शाळाच. १९९४ च्या लीपर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते पक्कं केलं. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे विषय प्रामाणिकपणे, ठरलेल्या अभ्यासक्रमातून शिकवायचे. पुस्तक कुणाकडून मंजूर करून घ्यायचं नसतं, त्यामुळे ‘अप्रूव्ड’चा शिक्का ही नुसती जाहिरात. मुलीच्या न्यूयॉर्कमधल्या मावशीनं तिथल्या नियमांवरून दिलेला सल्ला मात्र इथे लागू होत नाही. तिथे ‘पार्टिसिपेशन इन गव्हर्नमेंट’चं अर्धं युनिट सक्तीचं आहे, पूर्ण युनिट ६,४८० मिनिटांचं असतं आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो.

मग किती शिकवायचं? टेक्ससच्या सरकारी शाळांत हा विषय अर्ध्या क्रेडिटचा, एका सेमिस्टरचा. एक क्रेडिट साधारण १२० तासांचं धरतात, म्हणजे इथे ६० तास. आठवड्याला चार तास धरले तर १६ आठवड्यांत ६४ होतात. या कुटुंबानं कार्टमध्ये टाकलेलं सगळ्यात महागडं किट पूर्ण वर्षाचं होतं. तशी किटं फेब्रुवारीत कपाटात जातात, कारण मुलांना तेव्हा एसएटी, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, दिसू लागते. शिवाय त्या किमतीत उत्तरसूची आणि चाचण्या नव्हत्या, त्या वेगळ्या घ्यायच्या होत्या. हे कार्टमध्ये टाकताना कुणी बघत नाही.

धार्मिक की धर्मनिरपेक्ष, यावर घरात वाद होता. कव्हरवरून तो सुटत नाही. नमुन्याची पानं उतरवून घ्या आणि दोन खटले शोधा. पहिला १९६२ चा एंजेल विरुद्ध व्हिटाली: न्यूयॉर्कच्या शाळांत सरकारनं रचलेली प्रार्थना म्हणवून घेणं घटनाबाह्य ठरलं, मुलांनी स्वतःहून केलेली प्रार्थना नव्हे. दुसरा १९७२ चा विस्कॉन्सिन विरुद्ध योडर: धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर आमिश या ख्रिश्चन पंथाच्या मुलांना आठवीनंतर शाळेच्या सक्तीतून सूट मिळाली. पुस्तक एकच खटला सांगत असेल, किंवा न्यायालय काय म्हणालं हे न सांगताच निकालावर चिडत असेल, तर ते एकट्यानं पुरणार नाही, मग प्रकाशक कुठल्याही बाजूचा असो. जुनं पुस्तक घेताना आणखी एक खूण बघा: प्रतिनिधीगृहात (काँग्रेस म्हणजे अमेरिकन संसद, तिच्या खालच्या सभागृहात) टेक्ससच्या जागा ३६ लिहिल्या असतील तर आकडे २०२० च्या जनगणनेआधीचे आहेत. आता ३८ जागा आहेत आणि राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर ४०.

खरा घोळ मात्र वहीत सापडला. मुलीनं सरावाच्या उत्तरात लिहिलं होतं: ‘प्रेसिडेंट काँग्रेसच्या सदस्यांमधून मंत्री निवडतो, बहुमत गेलं तर त्याला राजीनामा द्यावा लागतो.’ ही सरळसरळ आपली संसदीय पद्धत, आईच्या तोंडून मुलीच्या वहीत उतरलेली. अमेरिकन घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं सहावं कलम सांगतं की काँग्रेसच्या सदस्याला पद न सोडता मंत्री होता येत नाही. म्हणून २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना हिलरी क्लिंटन यांना सिनेटची जागा सोडावी लागली. बहुमत गेल्यानं राष्ट्राध्यक्ष जात नाही. महाभियोग प्रतिनिधीगृह लावतं आणि दोषी ठरवायला सिनेटमध्ये हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात.

यावर आईला सुचवलं की आपलं नागरिकशास्त्र विसरू नका, समोरासमोर मांडा. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १, सिनेटमध्ये मात्र टेक्सस असो की वायोमिंग, प्रत्येकी २. घटनेत कुणाला नेमून न दिलेले, उरलेले अधिकार आपल्याकडे संसदेकडे, तिकडे दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा जनतेकडे. आपला राज्यपाल नेमलेला, त्यांचा गव्हर्नर निवडून आलेला. वहीचं पान मधोमध दुमडून दोन रकाने केले की काम भागतं. हे कुठल्याही विकतच्या किटमध्ये मिळणार नाही.

शेवटी निवड झाली ती फुकटचीच: ओपनस्टॅक्स या मोफत पुस्तकांच्या प्रकाशकाचं १७ प्रकरणांचं कॉलेजपातळीचं पाठ्यपुस्तक, जोडीला मूळ घटना आणि घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखांपैकी क्रमांक १० व ५१. आठवड्यातले दोन तास प्रकरण, एक तास मूळ दस्तऐवज, एक तास लेखन. सगळी प्रकरणं करायचा हट्ट नको. परराष्ट्र धोरण वगैरे नुसतं वाचून सोडलं तरी चालेल. ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) ‘युनायटेड स्टेट्स गव्हर्नमेंट, ०.५’ आणि सोबत पाच-सहा ओळींचं वर्णन: पुस्तक, दस्तऐवज, तास, गुण कसे दिले. एपीची, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजपातळीची, परीक्षा कुणालाही देता येते, पण ती घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या ऑडिटमध्ये अभ्यासक्रम मंजूर झाल्याशिवाय विषयाच्या नावापुढे ‘एपी’ लिहायचं नाही. परीक्षा मे महिन्यात असली तरी बाहेरच्या मुलांना बसू देणारी शाळा सप्टेंबरमध्येच शोधावी, कारण नोव्हेंबरच्या मध्यानंतर परीक्षेची ऑर्डर दिली तर उशिराचं जादा शुल्क पडतं.

एक गोष्ट बहुतेक राष्ट्रीय करिक्युलममध्ये नसते, ती म्हणजे राज्य सरकार. टेक्ससमध्ये न्यायाधीशही निवडणूक लढवतात, हे मुलीला ठाऊकच नव्हतं. त्यासाठी शेवटचे दोन आठवडे राखून ठेवले. मुलगी जन्मानं अमेरिकन नागरिक आहे आणि १६ पूर्ण झाली आहे. टेक्ससमध्ये होमस्कूलच्या मुलांनाही या वयात मतदान केंद्रावर स्टुडंट इलेक्शन क्लार्क म्हणून काम करता येतं, पैसेही मिळतात. पालकांची परवानगी लागते. आईनं अर्ज त्याच आठवड्यात मागवला.