ड्रेंचिंग म्हणजे भिजवणं की पाजणं?

प्रश्न (निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी ताईंचा): सर नमस्कार. आमची द्राक्षं न टोमॅटो आहेत, त्यामुळे घरात सारखं ड्रेंचिंग ड्रेंचिंग (झाडाच्या मुळाशी औषध सोडणं) चालू असतं. मुलगी इंग्रजी मिडियमला आहे, तिच्या धड्यात पावसात ड्रेंच झालेली माणसं आहेत, ती म्हणते ड्रेंच म्हणजे चिंब भिजणं. आणि गुरांचे डॉक्टर शेळ्यांना जंताचं औषध पाजतात त्या पिचकारीला ड्रेंच गन म्हणतात. एकच शब्द तीन ठिकाणी कसा काय? खरा अर्थ कोणता धरायचा?

उत्तर: ताई, नमस्कार. तुमच्या प्रश्नात तीन अर्थ आलेत आणि तिन्ही बरोबर आहेत, पण त्यातला सगळ्यात जुना अर्थ डॉक्टरांच्या पिचकारीत आहे, शाळेच्या धड्यात नाही. ड्रेंच म्हणजे मुळात पाजणे.

ड्रिंक म्हणजे पिणे हे तर सगळ्यांना माहिती आहे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ड्रिंकन, आणि त्याच्यावरूनच दुसरं क्रियापद तयार झालेलं होतं ड्रेंचन, म्हणजे दुसऱ्याला प्यायला लावणे. आपल्याकडे कसं, पिणे-पाजणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, एक आपण स्वतः करतो आणि एक दुसऱ्याकडून करवून घेतो, व्याकरणात त्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. संस्कृतात पण पिबति आणि पाययति आहेच. इंग्रजीत ही पद्धत आता मेल्यात जमा आहे, नवीन शब्द असे बनत नाहीत, पण जुन्या जोड्या टिकून राहिल्यात. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे. लाय म्हणजे आडवं होणे आणि ले म्हणजे आडवं ठेवणे. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे, झाड तोडून पाडतात त्याला अजून हाच शब्द आहे. मुलीला या जोड्या नक्की सांगा, शाळेत लाय आणि ले मध्ये भलीभली मुलं गोंधळतात, आणि मराठी मुलांना तर गोंधळायचं कारणच नाही, ही रचना आपल्या तोंडात लहानपणापासून आहे, फक्त कुणी ती दाखवून देत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता पाजण्यावरून भिजण्यावर गाडी कशी आली? मधे एक टप्पा आहे. माणूस बुडतो तेव्हा नाकातोंडात पाणी जातं, म्हणजे पाण्याने त्याला पाजलंच की. त्यामुळे जुन्या इंग्रजीतच या क्रियापदाला बुडवणे हाही अर्थ होता आणि पुढे १२००, १३०० च्या सुमाराला तो जोरात चालत होता. पूर आला की आपण नाशिकला गोदाकाठी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी गुडघ्याला लागलं का कमरेला का छातीला, आणि २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला की मारुतीच दिसेनासा होतो, त्या वेळच्या इंग्रजाने याला ड्रेंच झाला असंच म्हटलं असतं. नंतर बुडण्यासाठी ड्राऊन हा शब्द पक्का झाला (तोही पिण्याच्याच घराण्यातला असावा असं मानतात) आणि ड्रेंच मागे सरकून नुसतं भिजण्यावर आलं. अंगावर पाणी पडून चिंब भिजणे हा मुलीच्या धड्यातला अर्थ साधारण १५५० च्या आसपासचा. म्हणजे पाजणे, बुडवणे, भिजणे या तिन्हीत तो धाकटा.

पाजण्याचा अर्थ मात्र गोठ्यात टिकला. घोड्याला, गाईला, मेंढीला जबरदस्तीने तोंडातून पातळ औषध द्यायचं त्याला इंग्रजीत आजही ड्रेंच म्हणतात, आपले जुने लोक बांबूच्या नळकांड्याने पाजायचे तेच. जर्मन भाषेत तर याच शब्दाचा भाऊ ट्रेंकन आहे आणि त्याचा अर्थ आजही जनावरांना पाणी पाजणे. विषय निघालाच आहे तर सांगतो, औषध पाजताना जनावराची मान फार वर करू नका न जीभ ओढून धरू नका, ओठाच्या कोपऱ्यातून हळूहळू जाऊ द्या, ठसका लागून औषध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि शेळी त्यातून उठणं अवघड असतं.

राहिलं तुमचं शेतातलं ड्रेंचिंग. हे शास्त्रातून आलंय आणि तिथे माती भिजवणे या अर्थाने आलंय. फवारणी पानांवर, ड्रेंचिंग मुळाशी. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकांत त्याला आळवणी म्हणतात. टोमॅटोला मर (झाड सुकवणारा रोग) लागली की बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), नाहीतर गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) द्राक्षाची पांढरी, म्हणजे नवी मुळी चालू व्हावी म्हणून ह्युमिक ॲसिड, कुणी पंपाचं नोझल काढून सोडतं, कुणी सरळ बादली न मग घेऊन बसतं. पण तुम्ही काम बघा ना, रान भिजवणं हा हेतूच नाही, ते तर ठिबकने होतंच, मुळीच्या तोंडाशी औषध नेऊन तिला ते प्यायला लावायचं, म्हणून तर वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी) बघून करतात, चिखलात मुळीला हवाच नसते तर ती घेणार काय. मला तर वाटतं तुम्ही बागेत जे करता ते धड्यातल्या पावसापेक्षा शब्दाच्या मुळाच्या जास्त जवळ आहे. तेव्हा मुलीला सांगा, पेपरात चिंब भिजणे लिही, पण घरातला अर्थ पण चुकीचा नाहीये.

प्रश्न (सातपूरहून आयटीआयचा एक विद्यार्थी): सर, क्वेंच म्हणजे तहान भागवणे असं डिक्शनरीत आहे, मग आमच्या वर्कशॉपमध्ये तापलेला जॉब (घडवायचा पोलादाचा तुकडा) तेलात टाकतात त्याला क्वेंचिंग का म्हणतात?

उत्तर: कारण क्वेंचचा मूळ अर्थ विझवणे. हीसुद्धा वरच्यासारखीच जोडी, मूळ क्रियापद विझणे अर्थाचं होतं, ते इंग्रजीतून गेलं आणि विझवणारं तेवढं उरलं. आग विझवणे, मग तहान विझवणे, आणि लालभडक पोलाद विझवणे. गंमत म्हणजे आपला लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी पाजतो, विझवतो असं नाही म्हणत. काम तेच. पोलाद लाल करून एकदम गार केलं की ते कडक होतं पण ठिसूळ पण होतं, म्हणून नंतर थोडं तापवून टेम्परिंग करतात. पाण्यात फार झटक्यात गार होऊन तडे जायची भीती असते, तेल जरा सावकाश गार करतं, म्हणून तुमच्याकडे तेलाची टाकी आहे. परीक्षेत तहान लिहू नको, झटकन गार करून कडक करणे असं लिही.