दंडावर बीसीजीचा व्रण आहे, मग टेस्ट पॉझिटिव्ह का?

प्रश्न: डॉक्टर, सासऱ्यांना छातीचा टीबी निघालाय, औषधं चालू झालीत. मिस्टरांची मांटू टेस्ट (टीबीच्या जंतूसाठी हाताच्या त्वचेत टोचून येणारी सूज मोजतात ती) १४ मिमी आली, एक्सरे क्लिअर आहे, खोकला-ताप काही नाही. शेजारचे म्हणतात लहानपणीच्या बीसीजीमुळे, म्हणजे टीबीच्या लसीमुळे, येतं तसं, सोडून द्या. मुलगा ४ वर्षांचा आहे, त्यालाही बीसीजी झालीय.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, अजिबात सोडून देऊ नका. जन्मतः घेतलेल्या लसीमुळे एवढ्या वर्षांनी मांटू सहसा इतकी येत नाही, त्यात घरातच पेशंट आहे. शंका असेल तर इग्रा नावाची रक्ताची टेस्ट करा, त्यात जंतूची अशी प्रोटीन्स वापरतात जी बीसीजीत नसतातच, म्हणजे टी पेशी (जंतूला ओळखून लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) लसीला ओळखतायत की खऱ्या जंतूला ते कळतं.

आतमध्ये होतं असं की श्वासातून गेलेला जंतू फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात, एरवी गिळलेला जंतू तिथेच पचून जातो पण टीबीचा जंतू ते पचवणंच थांबवतो आणि त्याच पेशीत वाढत राहतो, टी पेशींपर्यंत खबर पोचायलाच बरेच दिवस जातात. मग त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रोटीन सोडतात, मॅक्रोफेजना जोर येतो, आणि सगळ्या मिळून जंतूभोवती गाठ बांधून त्याला कोंडतात. मिस्टरांचं बहुतेक हेच झालंय. हा आजार नाही आणि त्यांच्यापासून कुणाला लागणही होत नाही, पण अशा लोकांपैकी ५ ते १० टक्क्यांना पुढे कधीतरी टीबी होतो, पहिल्या दोन वर्षांत जास्त. डायबेटिस, एचआयव्ही किंवा संधिवाताची काही इंजेक्शनं असली की ती गाठ ढिली पडते.

बीसीजी १९२१ पासून वापरात आहे. बाळांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगलं वाचवते, म्हणून द्यायचीच. पण मोठेपणी फुफ्फुसाच्या टीबीला तिचा भरवसा नाही, तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात तेच दिसलं.

मला जास्त काळजी मुलाची वाटते. पाचच्या आतल्या मुलांच्या टी पेशी अजून तेवढ्या तयार नसतात, म्हणून लस झालेली असली तरी आधी त्याला टीबी नाही ना हे तपासून प्रतिबंधक औषध सुरू करतात, त्यासाठी मांटूचीही वाट बघत नाहीत. दोघांना याच आठवड्यात सरकारी टीबी केंद्रात घेऊन जा, तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे.