कमरेची जखम आणि कपाशीची वेचणी

प्रश्न : आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझी माय ६६ वर्षांची, जन्मभर शेतात राबलेली. दीड वर्षापूर्वी उजव्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथं, फोड आला. हळद लावली, खोबरेल लावलं, मग मेडिकलवरून गजकर्णाचं मलम आणलं. फोड फुटून रुपयाएवढी जखम झाली, तिच्यातून पाणी येतं. मागच्या आठवड्यात जळगावला तुकडा काढून तपासला. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड' असा रिपोर्ट आला. माय म्हणते, "माले काही दुखत नही, वेचणी झाल्यावर पाहू." गावात कोणी म्हणतं मुंबईलाच न्या, कोणी म्हणतं सुरी लावली की पसरतो, त्यापेक्षा लेप लावा. इकडे उपचार होतात का? काय काय करता येतं?

उत्तर : भाऊ, रिपोर्टात आलाय तो कातडीचा कर्करोग. तुमचं पत्र वाचून मला चोपड्याच्या माझ्या दवाखान्यातली एक बाई आठवली. तिलाही तिथंच, नाडीखाली. आपल्याकडे घामानं नाडीखाली गजकर्ण होतंच, म्हणून मीही चार महिने मलमच देत राहिले. एके दिवशी जखमेची कड बोटानं दाबून पाहिली, तर ती भाकरीच्या काठासारखी जाड आणि कडक लागली. तो हात मी पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. तेव्हापासून कमरेची जखम कड दाबून पाहिल्याशिवाय मी सोडली नाही.

हा आजार नवा नाही. धोतराच्या गाठीखाली होणारा असाच कर्करोग मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ साली नोंदवला होता. २०२४ साली वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकिगत छापली. त्यातली एक ४० वर्षं लुगडं कमरेला घट्ट कसून नेसत होती. रोज एकाच जागी घासून कातडी काळवंडते, पातळ होते, चिरते, भरते, पुन्हा चिरते. वर्षानुवर्षं हे चाललं की कधीतरी तिथल्या पेशी बिघडतात. जुन्या भाजल्याच्या व्रणातही असंच होतं.

'वेल डिफरन्शिएटेड' म्हणजे पेशी अजून बऱ्याचशा मूळ कातडीसारख्या दिसतात. अशी गाठ बहुधा सावकाश वाढते, हा दिलासा खरा आहे. पण व्रणातून उठलेला हा कर्करोग जांघेतल्या रसग्रंथींच्या गाठींकडे जायची भीती जास्त असते. म्हणून आधी जांघ हातानं तपासून घ्या आणि सोनोग्राफी करा. गाठ संशयास्पद वाटली तर सुईनं तिच्यातल्या पेशी काढून तपासतात.

मुख्य उपचार ऑपरेशन. जखम, तिच्या भोवतीची थोडी चांगली कातडी आणि खालची चरबी एकत्र काढतात. खड्डा मोठा झाला तर मांडीची पातळ कातडी काढून तिथं बसवतात. जांघेत आजार गेला असेल तर त्या गाठीही काढाव्या लागतात. वय किंवा हृदयविकारामुळे ऑपरेशन झेपणार नसेल, किंवा ऑपरेशननंतर आजार उरल्याची शंका असेल, तर शेक, म्हणजे रेडिएशन, देतात. त्यासाठी आठवड्यातून पाच दिवस असे काही आठवडे जावं लागतं. केमोची पाळी या टप्प्यावर सहसा येत नाही.

सुरी लावल्यानं पसरत नाही. बरेच जण ऑपरेशनला येतात तेव्हाच आजार आत पोचलेला असतो, आणि बोल मात्र सुरीला लागतो. लेप तेवढा लावू नका, हात जोडून सांगते. तो वरची कातडी जाळतो, खपली धरते, घरच्यांना वाटतं भरून आलं. खाली मुळं तशीच वाढत असतात.

आता कुठं न्यायचं. जांघ स्वच्छ असेल तर हे ऑपरेशन जळगावात किंवा धुळ्यात कर्करोगाचा किंवा प्लास्टिक सर्जन नीट करू शकतो, आणि माझं मत तिथंच करावं असं आहे. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी जखम आणि जांघ दाखवावी लागते. मुंबईच्या फेऱ्या दोनदा होतात, तिसऱ्यांदा माणूस टाळतो, हे मी फार वेळा पाहिलंय. शेक लागलाच तर छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ पडतं. जांघेत गाठ निघाली किंवा डॉक्टरांची मतं जुळली नाहीत, तर मात्र परळच्या टाटा रुग्णालयात जा. जाताना कागदासोबत लॅबमधून तपासलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नाहीतर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो.

खर्चाचं आधीच पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. मंजुरी भरती होण्याआधी घ्यायची असते. आधी पैसे भरून मग धावपळ करणारे खूप भेटतात.

सर्जनला एक प्रश्न नक्की विचारा : काढलेल्या तुकड्याच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आल्या का? बाजूच्याही आणि तळाचीही. रिपोर्टात तसं लिहिलेलं स्वतः वाचा.

मायला वेचणीचं सांगायचं तर असं सांगा : कपाशी एकदम फुटत नाही, दोन-तीन वेचण्या होतातच. पहिली भाऊबंदांवर सोपवा. टाके निघाले की घरात हिंडेल-फिरेल, पण बसवलेली कातडी घट्ट धरेपर्यंत शेत आणि मोटारसायकल नको. तोवर सैल गाऊन घालू द्या. पुढं परकर नेसलीच तर नाडी रुंद पट्टीची असावी आणि रोज थोडी वरखाली बांधावी. तुमच्या घरातल्या बाकीच्या बायकांच्या कमराही एकदा पाहून घ्या. काळवंडलेला पट्टा सगळ्यांना असेल, त्यात कुठं चीर आहे का तेवढं बघा.