मानेच्या दुखण्याचे कारण आणि ‘जुनी झीज’ हा बचाव

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी सिग्नलला थांबलेली असताना माझ्या गाडीला मागून दुसऱ्या गाडीने जोरात धडक दिली. त्या रात्री रुग्णालयात एक्स-रे काढून मला घरी सोडले. तिसऱ्या दिवसापासून मान आणि डोक्याची मागची बाजू दुखू लागली, ती आजही दुखते. एमआरआयमध्ये पाचव्या व सहाव्या मणक्यांमधल्या गादीची झीज, एवढेच आले. समोरच्या गाडीची विमा कंपनी म्हणते, हे वयाचे दुखणे आहे, थोडी रक्कम घेऊन प्रकरण मिटवा. मी ४४ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी मानेसाठी तीन आठवडे फिजिओथेरपी घेतली होती, हे मी कुणालाच सांगितलेले नाही. ते सांगावे का? आणि तडजोडीवर सही करावी का?

उत्तर : सही आत्ता करू नका. पूर्ण व अंतिम तडजोडीच्या कागदावर एकदा सही झाली की पुढे दुखण्याचे नेमके कारण सापडले, मोठे उपचार लागले, तरी दावा पुन्हा उघडणे जवळजवळ अशक्य होते. आणि आपल्या दुखण्याचे कारण अजून कुणी नीट शोधलेलेच नाही. ते आधी शोधले पाहिजे, दाव्यासाठी आणि त्याहून अधिक आपल्या मानेसाठी.

विमा कंपनीचा सगळा भर एमआरआयवर आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात, मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ व्यक्तींचे एमआरआय तपासले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या मानेत गादीचा फुगवटा आढळला. म्हणजे गादीतील बदल दिसणे आणि मान दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी त्या झिजेकडे बोट दाखवून ‘हेच कारण’ म्हणते, त्याला या आकड्याने उत्तर मिळते; परंतु त्याच न्यायाने आपल्यालाही ‘ही झीज अपघातानेच झाली’ असे म्हणता येणार नाही. आपल्या वकिलाने ही चूक करू नये, कारण उलटतपासणीत ती पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

मग दुखते कशाने? मागून धडक बसते तेव्हा सीट धडाला पुढे ढकलते आणि डोके क्षणभर मागे राहते. पहिल्या सेकंदाच्या दहाव्या भागातच मानेला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक येतो आणि खालचे मणके एकमेकांवर नेहमीच्या मर्यादेपलीकडे उघडतात. त्यात मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे फॅसेट सांधे आणि त्यांची आवरणे दुखावू शकतात. ही इजा एक्स-रेत दिसत नाही आणि एमआरआयमध्येही सहसा दिसत नाही. अशा दीर्घकालीन दुखण्यात दुसऱ्या-तिसऱ्या आणि पाचव्या-सहाव्या मणक्यांमधले सांधे वारंवार दोषी आढळतात. त्यांपैकी वरच्या सांध्याचे दुखणे डोक्याच्या मागे पसरते. आपले डोके तिथेच दुखते, हे आपण डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा.

या सांध्यांची परीक्षा होऊ शकते. वेदनातज्ज्ञ एक्स-रे यंत्राच्या मदतीने सांध्याकडे जाणाऱ्या बारीक नसांवर भुलीच्या औषधाचे थोडे थेंब सोडतात आणि दुखणे थांबते का, किती वेळ थांबते, हे पाहतात. एकाच इंजेक्शनवर निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, म्हणून आणखी एखाद्या दिवशी, ज्याचा असर वेगळा काळ टिकतो असे औषध देऊन तीच चाचणी करतात. दोन्ही वेळा औषधाच्या मुदतीएवढा आराम मिळाला, तर सांधा हे कारण मानण्यास भक्कम आधार मिळतो. ही चाचणी आपल्याला योग्य आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मात्र हाताला बधिरपणा, पकड सैल होणे किंवा चालताना तोल जाणे असे काही असेल, तर दाव्याचा विचार बाजूला ठेवून तातडीने तपासून घ्या.

आता जुन्या फिजिओथेरपीविषयी. ती सांगा, आजच सांगा, डॉक्टरांना आणि वकिलांनाही. अशी माहिती दडवणाऱ्या पक्षकाराचे काय होते ते मी पाहिले आहे : विरुद्ध पक्ष जुने केस पेपर मागवतो आणि त्या एका कागदामुळे बाकीच्या खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो. उघडपणे सांगितले, तर तोच कागद आपल्या बाजूने बोलू शकतो. तीन आठवड्यांच्या उपचारानंतर मधल्या साडेचार-पाच वर्षांत आपण मानेसाठी एकदाही डॉक्टरांकडे गेला नसाल, तर ती वर्षेच अपघातापूर्वीची स्थिती दाखवतात. शिवाय ज्याने इजा केली त्याला समोरची व्यक्ती आहे तशी स्वीकारावी लागते. तिची मान मुळातच नाजूक होती, हा बचाव होत नाही. हे तत्त्व इंग्लंडमधील १९०१ च्या ड्यूलियू विरुद्ध व्हाइट या खटल्यात मांडले गेले आणि पुढे अनेक देशांच्या न्यायालयांनी स्वीकारले. त्याला मर्यादा एवढीच, की जुना त्रास अपघाताविनाही वाढलाच असता असे सिद्ध झाले, तर तेवढा भाग भरपाईतून वजा होऊ शकतो.

पहिल्या रात्रीच्या कागदावर ‘मानेची तक्रार नाही’ असे लिहिले असेल, तर घाबरू नका. अशा इजेचे दुखणे काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी सुरू होणे सर्वज्ञात आहे. जास्त त्रासदायक ठरतात त्या नंतरच्या मोकळ्या जागा, म्हणजे चार-पाच महिने आपण कुठेच दाखवले नाही असा काळ. तसा काळ असेल, तर त्याचे खरे कारण वकिलांना लेखी द्या.

तज्ज्ञांचा अभिप्राय घेताना त्यांना जुने आणि नवे सर्व कागद द्या, आणि प्रश्न नेमका विचारा : अपघात झाला नसता, तर हे दुखणे आज या स्वरूपात असण्याची शक्यता अधिक होती की नसण्याची? दिवाणी दाव्यात सर्वसाधारणपणे एवढाच कल दाखवावा लागतो, पूर्ण खात्री नव्हे. ‘अपघाताशी संबंध असू शकतो’ या वाक्याने काम भागत नाही. अभिप्रायात कारणमीमांसा हवी.

दावा दाखल करण्याची मुदत अपघात जिथे घडला तिथल्या कायद्याने ठरते आणि कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबते असे धरून चालू नका. चौदा महिने उलटले आहेत. तपासण्या सुरू करण्याआधी या आठवड्यात स्थानिक वकिलांकडून ती तारीख लेखी घ्या, आणि कंपनीला एवढेच कळवा की वैद्यकीय तपास पूर्ण होईपर्यंत आपण प्रस्तावावर निर्णय देणार नाही.